साहेबांचा उजवा कान

लंडन, २० नोव्हेंबर १७८६

डॉर्कस, माझ्या गुणी बहिणी,

तीन महिने पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील. बस फुगून. मी कुठल्या जागी कामाला लागलेय ते ऐकलंस की आपोआप रुसवा सोडशील.

माझे हे गेल्यावर सगळे म्हणाले, केझाया आता शिवणकाम करून डोळे फोडणार. तर तसं काही झालेलं नाही. पेवरेलबाईंचं चित्रांचं दुकान आहे ना, मी मागे म्हटलं होतं ते, तिथे मी रंग भरते. छापून आलेली चित्रं काळी-पांढरी असतात. आम्ही सहाजणी एका लांब टेबलाला बसतो आणि प्रत्येकीचा एकेक रंग. एकीचं आभाळ, एकीचे कोट, एकीचं गवत. माझ्याकडे गाल आणि नाकं. हसू नकोस! या शहरात कुठल्या मंत्र्याचं नाक किती लाल, हे सध्या तुझी बहीण ठरवते.

पण खरी गोष्ट वरच्या मजल्यावर आहे. तिथे मिस्टर लस्बी बसतात. काडीसारखा माणूस, दिवसभर चीज आणि कच्चा कांदा खातो, त्यामुळे दोन हात लांबूनच बोलावं लागतं. पार्लमेंटच्या सज्जात जाऊन बसायचं आणि खाली बोलणाऱ्यांचे चेहरे गुपचूप बाहीवर उतरवून आणायचे, हा त्याचा उद्योग. धोबीण ओरडते, अर्धं मंत्रिमंडळ मी दर सोमवारी उकळून काढते म्हणून. तेच चेहरे तो तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढतो. डॉर्कस, चार रेघा असतात गं! चार रेघा, आणि माणूस डोळे मिचकावत समोर उभा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला कुंचला रंगाच्या वाटीत पडला. अजूनही रोज तसंच होतं, फक्त कुंचला आता घट्ट धरते.

आता कामाचं. साबणावर नवा कर बसणार, ते तुमच्याकडे कळलंच असेल, कारण बसवणारे तुझेच साहेब. सगळ्या लंडनला सर बार्नबी ट्रेस्कॉट पाहायचे आहेत आणि एकालाही त्यांचा चेहरा ठाऊक नाही. इतकी वर्षं म्हणे मागच्या बाकावर बसले, तोंड उघडलं नाही, आणि एकदम मंत्री झाले. आता नाताळ होईपर्यंत गावाहून येणारही नाहीत. लस्बी डोकं धरून बसलाय. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण त्यांच्या घरची कारभारीण आहे, रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी असते.

तर लिही ना मला, कसे दिसतात ते. आपल्या दुकानाच्या खिडकीत त्यांचं चित्र लागेल, सगळं शहर थांबून बघेल.

तुझी,
केझी


थॉर्नहो हॉल, नॉरफक, २ डिसेंबर १७८६

प्रिय केझीताई,

तू धडधाकट आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. नाकं रंगवतेस हे मात्र इथे कोणाला सांगितलेलं नाही. "चित्रकलेच्या दुकानात असते" एवढंच सांगितलंय.

साहेबांचं चित्र लंडनच्या खिडकीत! ताई, मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! या घराच्या जिन्यात त्यांच्या वाडवडिलांची मोठमोठी तैलचित्रं आहेत, पण ती पाहायला आम्हा नोकरांशिवाय कोण येतं? मी तुला सगळं नीट, मन लावून लिहिते. तुमच्या मिस्टर लस्बींना वाचून दाखव.

साहेब बावन्न वर्षांचे. उंच, पण मान पुढे काढून चालतात, दारं बुटकी असल्यासारखी. उजव्या भुवईत बोटभर खाच आहे, लहानपणी तट्टावरून पडले त्याची. तोंड जरासं उजवीकडे उतरतं. हनुवटी लहान, म्हणून गळपट्टा वरपर्यंत गुंडाळतात. डोळे छान आहेत, निळे, पण बोलताना ते आपल्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघतात. हात गोरे आणि फार स्वच्छ. दिवसातून सहा वेळा धुतात.

आता एक गंमत. ही फक्त तुला, चित्रासाठी नाही हं. साहेबांना एखादी गोष्ट करायची नसली की ते उजव्या कानाची पाळी चोळतात. कुळं येतात, म्हणतात छप्पर गळतंय. साहेब पाळी धरतात आणि म्हणतात, "वसंतात नक्की." झालं, छप्पर गळत राहणार हे आम्ही ओळखतो. मागच्या वर्षी माझ्या पगारवाढीबद्दलही पाळी धरून फार गोड बोलले. स्वतः त्यांना याचा पत्ता नाही. रोज सकाळी दाढी करताना ते आरशासमोर भाषणं म्हणतात. मागे अँब्रोज वस्तरा घेऊन उभा असतो, बावीस वर्षं त्यांच्याकडे असलेला खासगी नोकर, आणि मी गरम पाणी घेऊन दाराशी. भाषणात पाळी कितीदा चोळली जाते ते मी आणि अँब्रोज डोळ्यांनीच मोजतो. पण अँब्रोज देवमाणूस. त्याने आजवर साहेबांविरुद्ध एक अक्षर काढलेलं नाही.

हे पत्र तुला फुकट मिळेल. पार्लमेंटच्या सभासदाने पाकिटावर सही केली की टपालाचे पैसे लागत नाहीत, पण दोन वर्षांपासून पत्ताही त्यानेच स्वहस्ते लिहावा असा नियम झालाय. मी भीत भीत विचारलं. साहेबांनी लगेच लेखणी घेतली. "मिसेस क्राउच कोण?" म्हटलं, थोरली बहीण, विधवा आहे. "पेवरेल यांचं चित्रांचं दुकान," असं मोठ्याने म्हणत पत्ता लिहिला आणि म्हणाले, "छान, छान! चांगली चित्रं पाहिली की मन सुधारतं, मिसेस विनॉल." कारभारणीला लग्नाशिवायच मिसेस म्हणायची इथली पद्धत, तुला ठाऊकच आहे.

चित्र झालं की एक प्रत पाठव. मी माझ्या खोलीत लावीन.

तुझी धाकटी,
डॉर्कस


लंडन, १६ डिसेंबर १७८६

डॉर्कस, बाळ,

आधी सगळं वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुझं पत्र मी लस्बीला मोठ्याने वाचून दाखवलं. तो पत्र्यावर मेण चढवत होता. तांबं गरम करून त्यावर काळ्या मेणाचा पातळ थर देतात, आणि सुईने ते मेण खरवडून आत चित्र काढतात. मी भुवईपाशी आले तेव्हा तो थांबला. मानेपाशी आले तेव्हा त्याने सुई उचलली. आणि त्या कानाच्या गमतीपाशी... खोटं कशाला बोलू, मला थांबायला हवं होतं. "फक्त तुला" हे तुझे शब्द माझ्या डोळ्यांसमोर होते. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी जीभ थांबेना. मी वाचलं. तो म्हणाला, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं.

मग मी तिथेच उभी राहिले. खालून पेवरेलबाई हाका मारत होत्या तरी गेले नाही. तू लिहिलेले शब्द एकेक करून माणूस व्हायला लागले. ती मान आली. गळपट्टा आला. भिंतीकडे बघणारे डोळे आले. आपण लहानपणी चर्चमध्ये ऐकायचो ना, मातीत फुंकर मारली आणि माणूस जिवंत झाला? मला तेव्हा ते कधी पटलं नव्हतं. परवा पटलं. नंतर त्याने पत्रा तेजाबात बुडवला, रेघांमधून बारीक बुडबुडे यायला लागले, आणि तेजाबाने तांबं खाऊन ते तोंड कायमचं कोरून टाकलं. पहिला छाप ओला ओला सोलून काढला तेव्हा आम्ही सहाजणी टेबलावरून उठून उभ्या राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं उठायला.

आता ते. डॉर्कस, हे तुमच्या जिन्यातल्यासारखं चित्र नव्हे. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्याकडची चित्रं हसायची असतात. तुझे साहेब एका टबात बसलेत, गळ्यापर्यंत फेस. तोंडातून बुडबुडे निघतायत आणि प्रत्येक बुडबुड्यात एकेक वचन लिहिलंय. बाजूला एक धोबीण मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी, तिच्या हातात साबणाचा तुकडा नखाएवढा. आणि साहेब तिला म्हणतायत, "वसंतात नक्की." हात कानाच्या पाळीवर.

एक घोळ झालाय. पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून उजवं ते डावं काढायचं, हे लस्बीच्या हाताला झोपेतही ठाऊक असतं. अक्षरं त्याने बरोबर उलटी कोरली. पण चेहरा काढताना तो तुझं पत्र ऐकण्यात इतका रंगला की उजवं ते उजवंच काढलं. त्यामुळे छापात साहेबांनी डावा कान धरलाय, खाचही डाव्या भुवईत. कळल्यावर त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. पेवरेलबाई म्हणाल्या, "लंडनमध्ये कोण त्यांना ओळखतं? लावा खिडकीत."

आणि लावलं. काय सांगू तुला! मासे विकणाऱ्या बायका, वकील, एक बिशप, गाडीतून उतरलेला कोणी उमराव, सगळे खांद्याला खांदा लावून काचेला नाकं टेकून. आधी हसण्याचा गडगडाट. मग एक कोळीण म्हणाली, "माझा नवरा असंच खोटं बोलतो गं, फक्त नाक खाजवतो," आणि पुन्हा हशा. पण मी बघत होते. हसून झाल्यावरही माणसं हलत नाहीत. गप्प उभी राहतात. ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याला ओळखल्यासारखी बघतात.

रागावू नकोस. लंडनचं चित्र नॉरफकच्या चिखलात कोण आणतंय?

तुझी,
केझी


थॉर्नहो हॉल, २९ डिसेंबर १७८६

केझाया,

ताई म्हणवत नाही म्हणून नावाने लिहिलंय.

नॉरफकच्या चिखलात तुझं चित्र आलं. निवडणुकीत साहेबांकडून हरलेले शेजारचे जमीनदार, त्यांनी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लाल फीत बांधून भेट पाठवली. जेवायला चौदा पाहुणे. बाईसाहेबांनी फीत सोडली, कागद उलगडला आणि "अगं बाई" म्हणून हसायला लागल्या. मग त्यांचं हसू एकदम गेलं. चित्र हातोहात फिरलं. मी पुडिंग घेऊन आत आले आणि ते माझ्या नजरेस पडलं.

मला तुझा भयंकर राग आलाय, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही. अकरा वर्षं मी हा चेहरा रोज पाहतेय. पाहतेय असं मला वाटत होतं. त्या कागदावर साहेब घाबरलेले आहेत, केझी. फेसात, त्या बुडबुड्यांच्या मागे, एक घाबरलेला माणूस आहे, आपण कधीतरी पकडले जाऊ म्हणून घाबरलेला. मी ते लिहिलं नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं. मग तुमच्या लस्बीला कुठून कळलं? पुडिंग थंड झालं तरी मी उभीच होते, शेवटी बटलरने कोपराने ढोसलं.

स्वयंपाकघरात चित्र आलं तेव्हा आमच्या स्वयंपाकीणबाई, गॅजनबाई, चष्मा लावून म्हणाल्या, "हे साहेब नव्हेत, साहेबांचा डावखुरा भाऊ." तबेलेवालाही म्हणाला, काहीतरी चुकलंय. साहेबांना रोज बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते तिरकं वाटलं. साहेबांना मात्र नाही. ते चित्र घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

सकाळी आम्हा सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आरशात दिसणारा हा चेहरा जगात दोनच माणसांनी पाहिलाय. एक मी. दुसरा माझ्या मागे वस्तरा घेऊन उभा राहतो तो." आणि अँब्रोजकडे बोट केलं.

अँब्रोज वळला. वर गेला, वस्तरा पुसला, पेटीत ठेवला, पेटी आणून साहेबांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. बावीस वर्षं गं! त्याला शिफारसपत्र द्यायलाही साहेबांनी नकार दिला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, शिफारसपत्राशिवाय त्याला कुठलं दार उघडणार? आता चर्चची घंटा वाजवणाऱ्याच्या घरी कोपऱ्यात राहतोय आणि सगळं गाव त्याच्याकडे चोर असल्यासारखं बघतं.

आणि मी तिथे होते. चार हातांवर. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. साहेबांनी आरशाचं नाव का काढलं तेही मला कळत नाही, मी तर तुला सगळं समोरून पाहिलेलं लिहिलं होतं. कानाला खडा, तुला पुन्हा काही लिहीन तर. हे शेवटचं लिहिलं ते फक्त तुला कळावं म्हणून, तू आणि मी काय करून बसलोय.

डॉर्कस


लंडन, ६ जानेवारी १७८७

माझ्या डॉर्कस,

तुला तोंड दाखवायची माझी लायकी नाही, म्हणून बरं की हे पत्र आहे.

तुझं पत्र मी लस्बीला वाचून दाखवलं, यावेळी तुझी परवानगी नसताना, आणि वाचताना लाज वाटली. आरशाचं वाक्य आलं आणि तो ताडकन उठला. पेवरेलबाईंच्या खोलीतून भिंतीवरचा आरसा काढून आणला, समोर उभा राहिला आणि स्वतःचा उजवा कान धरला. "या, बघा," म्हणाला. मी बघितलं, आणि लख्ख कळलं.

तूही करून बघ. तू माझ्यासमोर उभी राहून उजवा कान धरलास, तर मला तुझा हात माझ्या डाव्या बाजूला दिसतो. पण तू आरशात पाहिलंस, तर तुला तो उजव्या बाजूला दिसतो. आपण सगळे एकमेकांना सरळ बघतो आणि स्वतःला मात्र जन्मभर उलटं बघतो. लस्बीच्या चुकीने चित्र उलटं उमटलं, म्हणून तुम्हा सगळ्यांना ते तिरकं वाटलं. तुझ्या साहेबांना मात्र रोजच्या आरशातला माणूसच समोर आला. असा चेहरा दुसऱ्या कोणी पाहिला असेल तर त्याच आरशात डोकावणाऱ्याने. ते बिचारे चुकले नाहीत गं, त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. घोळ इथे वरच्या मजल्यावर झाला.

लस्बी खाली बसला. मग म्हणाला, "वीस वर्षं मी लोकांची तोंडं काढतोय, लोक हसतात आणि ज्याचं तोंड तो म्हणतो, हा मी नव्हेच. पहिल्यांदा कोणीतरी स्वतःला ओळखलं. आणि त्यापायी एका म्हाताऱ्याची चाकरी गेली." त्या दिवशी त्याने कांदा खाल्ला नाही.

आता माझं ऐक. तू काही बोलायचं नाहीस. बोललीस तर तुझीही अकरा वर्षं मातीत. अँब्रोज परत घेतला जाईलच असं नाही, पण तू जाशील हे नक्की. लस्बी म्हणतो, म्हाताऱ्याला इकडे पाठवा, छाप वाळत घालायला माणूस लागतोच. तू फक्त गप्प राहा. तुझ्या पाया पडते. मी तुझं एक गुपित फोडलं, आता माझ्यापायी तुझं घर सुटायला नको.

तुझी,
केझी


थॉर्नहो हॉल, १९ जानेवारी १७८७

प्रिय ताई,

तुझं ऐकलं नाही. तुझं ऐकून काय होतं ते एकदा पाहिलंय.

छाप वाळत घालायला लंडनला जा, असं मी अँब्रोजला कळवलं होतं. तो म्हणाला, "मी कुठेही जाणार नाही, मिसेस विनॉल. गेलो तर लोक म्हणतील, केलंच असणार." मग काय, दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मंगळवारी सकाळी साहेब दाढी करवून घेत होते. नवा माणूस ठेवलाय, त्याने गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. मी गरम पाणी ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, अँब्रोजने काही केलेलं नाही. मी केलं."

त्यांनी नव्या माणसाला बाहेर घालवलं. अर्ध्या तोंडाला साबण तसाच.

मी सगळं सांगितलं. तुझं पत्र, माझं पत्र, मला वाटलेला अभिमान, कान. ते म्हणाले, "खोटं. अँब्रोजला वाचवण्यासाठी बोलताय तुम्ही. हा चेहरा आरशातला आहे." मी म्हटलं, "साहेब, तांब्यावर उजवं काढलं की कागदावर डावं उमटतं. त्याची चूक झाली. पटत नसेल तर चित्र आरशासमोर धरा."

त्यांनी चित्र खणातच ठेवलं होतं. काढलं. दोन्ही हातांनी आरशासमोर धरलं. बुडबुड्यांमधली अक्षरं उलटी झाली आणि चेहरा सुलटा झाला.

ताई, मला ते कसं लिहावं कळत नाही. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते, आणि आरशात माझे साहेब होते, अगदी हुबेहूब, रोज सकाळी माझ्यासमोर हिशोबाला बसतात ते. तेच उतरलेलं तोंड, त्याच बाजूला. आणि त्यांना तो माणूस नवीन होता. बावन्न वर्षांत त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. त्यांची मान हळूहळू पुढे गेली, नाक काचेला लागेपर्यंत.

"तुम्हाला मी असा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"होय, साहेब."

"सगळ्यांना?"

"होय."

"आणि तो कान?"

"स्वयंपाकघराला ठाऊक आहे. तबेल्याला ठाऊक आहे. कुळांना आहे."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून. त्याआधीचं गॅजनबाईंना विचारा."

मला वाटलं आता आरसा फुटणार. फुटला नाही. साबण वाळून त्यांच्या गालावर भेगा पडल्या होत्या, तरी ते बघत राहिले. मी इतकी वर्षं चर्चला जाते, पण माणूस इतक्या शांतपणे बसलेला मी प्रार्थनेतही पाहिलेला नाही. शेवटी म्हणाले, "या माणसाला मी स्वतः मत दिलं नसतं."

नंतर विचारलं, पत्र लंडनला कसं गेलं. मी म्हटलं, "आपल्या सहीने, साहेब. पत्ताही आपल्याच अक्षरात होता." त्यांनी चित्र खाली ठेवलं. मग जे हसायला लागले! गालावरचा साबण उडाला, डोळ्यांतून पाणी आलं. "चित्रं पाहून मन सुधारतं, असं म्हणालो होतो ना मी?" म्हणाले आणि पुन्हा हसले. हसू संपलं तेव्हा डोळे पुसायला बराच वेळ लागला, आणि मी पाण्याच्या भांड्याकडे बघत उभी राहिले.

अँब्रोजला आणायला त्यांनी बग्गी पाठवली नाही. स्वतः चालत गेले, चिखलातून, अर्धी दाढी तशीच. सगळ्या गावाने पाहिलं. घंटावाल्याच्या दारात काय बोलणं झालं ते अँब्रोज सांगत नाही, आणि मीही विचारलं नाही. दोघं बरोबर परत आले. उरलेली अर्धी दाढी अँब्रोजनेच केली.

माझी नोकरी मात्र गेली. साहेब म्हणाले, "मिसेस विनॉल, मला ओळखणाऱ्या माणसाच्या हाती किल्ल्या देऊन मला झोप लागणार नाही. राग नाही. पण जमणार नाही." मलाही ते पटलं. साबणावरचा कर तसाच बसणार आहे, तेही त्यांनी सांगितलं. एका चित्राने सरकार बदलत नाही म्हणाले. पण सांगताना थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी शनिवारच्या गाडीने निघते. किल्ल्या मोजून बाईसाहेबांना दिल्या. गॅजनबाई रडून रडून सुजल्यात. तुझ्याकडे जागा असेल तर मी आभाळ रंगवीन, नाकं तू ठेव. मिस्टर लस्बींना सांग, मला त्यांच्याशी बोलायचंय, रागाने नाही. मी लिहिलेल्या शब्दांत जे नव्हतं ते त्यांना कुठे दिसलं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

आज साहेबांनी शिफारसपत्र दिलं. मोहोर लावली नव्हती. माझ्यासमोर वाचा म्हणाले. मी तीनदा वाचलं, आता तुला उतरवून देते:

"मिसेस डॉर्कस विनॉल अकरा वर्षं माझ्या घरच्या कारभारीण होत्या. प्रामाणिक, नेटक्या, कष्टाळू. त्यांना नि:शंक ठेवून घ्यावं. आणि माझ्याविषयी त्यांनी आपणास काही सांगितलं, तर ते खरं मानावं. बार्नबी ट्रेस्कॉट."